पानसरे अण्णांची वकिली आणि आपण

नगर येथे तरुण-तरुणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन





संयोजकांनी मला विषय दिला आहे करिअर मार्गदर्शनाचा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे कुठला कोर्स करा, कुठली लँग्वेज शिका, पुण्यात नोकरी कशी मिळते, हे मी सांगावं अशी तुमची अपेक्षा असणार. ते प्रश्नोत्तरात नक्की सांगेन. पण भाषणाचा वेळ मला एका वकिलासाठी हवा आहे. हा वकील आपल्याच जिल्ह्यातला होता आणि त्याच्याकडे मी फार उशिरा पोहोचलो.

आधी माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो, तिथे एका दुपारी एचआरचा व्हिडिओ कॉल आला. वीस मिनिटांचा. मला सांगितलं, प्रोजेक्ट संपला आहे, तुम्ही स्वतःहून राजीनामा द्या. दिलात तर रिलीव्हिंग लेटर चांगलं मिळेल, नाही दिलात तर पुढच्या कंपनीला काय कळवायचं ते आम्ही ठरवू. मी दिला. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलं. इंजिनिअरिंगची डिग्री, दहा वर्षांचा अनुभव, आणि सही करायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत.

घरी आलो. ओळखीच्या एका वकील चाचांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "सही का केलीस?" मग समजावून सांगितलं. मालकाने कामावरून कमी केलं तर ती कामगार कपात होते. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला त्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. पण तुम्ही राजीनामा दिलात की कागदावर कपात झालेलीच नसते. तुम्ही स्वखुशीने गेलेले असता. मी म्हटलं, चाचा, मी काय कामगार आहे का? मी इंजिनिअर आहे. ते हसले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली व्याख्या त्यांनी वाचून दाखवली. त्यात अंगमेहनतीचं काम आहे, कारकुनी काम आहे, आणि तांत्रिक कामही आहे. कोर्ट पदाचं नाव बघत नाही, तुम्ही दिवसभर प्रत्यक्षात काय करता ते बघतं. मी दहा वर्षं ज्या कायद्याला दुसऱ्यांचा कायदा समजत होतो, त्याच्या दारात निदान उभं तरी राहू शकलो असतो.

निघताना चाचांनी विचारलं, "कोल्हारच्या पानसरेंचं काही वाचलंयस?" मी म्हटलं, शिवाजी महाराजांवरचं पुस्तक माहीत आहे. ते म्हणाले, "ते सगळ्यांनाच माहीत आहे. ते कामगारांचे वकील होते, हे माहीत आहे का?" माहीत नव्हतं. इथे किती जणांना माहीत आहे? हात वर करा. तीन, चार. ठीक आहे.

कोल्हार तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. नगरहून शिर्डीकडे निघालं की राहुरी मागे पडते आणि प्रवरा नदी लागते, तिथलं गाव. कॉम्रेड गोविंद पंढरीनाथ पानसरे यांचा जन्म १९३३ मध्ये या गावात झाला.  घरची जमीन सावकाराच्या कर्जात गेलेली. आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची, वडील मिळेल ते छोटंमोठं काम करायचे. पाच भावंडांत गोविंद सगळ्यात धाकटा. प्राथमिक शाळा कोल्हारला, पुढचं शिक्षण राहुरीला. शेजारच्या लोणीत सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटलं ते १९५० च्या सुमारास. पुढे या भागात पाणी, ऊस, कारखाने, कॉलेजं सगळं आलं. पण त्याच सुमारास हा मुलगा शिक्षणासाठी कोल्हापूरला निघून गेला.

कोल्हापुरात राजाराम कॉलेजातून बीए आणि मग एलएलबी. तिथे नातेवाईक नाही, खोलीला पैसे नाहीत. कम्युनिस्ट पक्षाचं रिपब्लिक बुक स्टॉल नावाचं पुस्तकांचं दुकान होतं. तिथेच राहायचं, तिथलीच पुस्तकं वाचायची. पोटासाठी वर्तमानपत्रं विकली, नगरपालिकेत शिपाई म्हणून काम केलं, शाळेत मास्तरकी केली. १९५२ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. गोवामुक्तीच्या लढ्यात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत होते. आणि १९६४ पासून त्यांनी कोल्हापुरात कामगार कायद्याची वकिली सुरू केली. पुढे कोल्हापूर बार असोसिएशनचे ते अध्यक्ष झाले, पक्षाचे राज्य सचिवही झाले. पण शहरात त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे.

कामगारांचा वकील म्हणजे नेमकं काय, हे आपल्या मुलांना माहीत नसतं. आपल्याकडे वकील म्हटलं की जामीन, नाहीतर जमिनीचा वाद, नाहीतर तलाक. कामगार वकिलाचं काम वेगळं असतं. त्याचा पक्षकार गरीब असतो, फी देऊ शकत नाही, आणि बहुतेक वेळा त्याच्याकडे कागदच नसतो.

एक उदाहरण सांगतो. कायद्यात २४० दिवसांचा एक हिशेब आहे. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ती एक वर्षाची सलग नोकरी धरतात आणि कामगाराला संरक्षण मिळतं. हे मालकांनाही माहीत असतं. म्हणून दोनशेवीस-दोनशेतीस दिवस झाले की मध्ये खंड द्यायचा आणि महिन्याने पुन्हा कामावर घ्यायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. बरं, कामगार कोर्टात गेला तर २४० दिवस भरले हे सिद्ध कोणी करायचं? कामगाराने. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे स्पष्ट केलं. आणि हजेरीपत्रक कोणाकडे? मालकाकडे. म्हणजे वकिलाला गेटपास शोधावा लागतो, पगाराची चिठ्ठी शोधावी लागते, बरोबर काम करणारा साक्षीदार शोधावा लागतो, आणि त्या साक्षीदाराची स्वतःची नोकरी तर जाणार नाही ना, हेही बघावं लागतं.

महाराष्ट्रात यावर एक चांगला कायदा झाला. १९७१ चा, अंमल १९७५ पासून. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध, असं त्याचं लांबलचक नाव. कामगाराला बदली किंवा हंगामी म्हणून वर्षानुवर्षं ठेवायचं आणि कायमपणाचे फायदे द्यायचे नाहीत, याला त्या कायद्याने अनुचित प्रथा ठरवलं. पण तक्रार करायची ती नव्वद दिवसांच्या आत. किती कामगारांना हे नव्वद दिवस माहीत असतात? मला माहीत नव्हते. म्हणून कामगार वकिलाचं अर्धं काम कोर्टाबाहेरच असतं. लोकांना वेळेत सांगणं, त्यांना एकत्र आणणं, त्यांची युनियन बांधणं.

अण्णांनी हे बाहेरचं काम आयुष्यभर केलं. घरकाम करणाऱ्या बाया, फेरीवाले, अंगणवाडीच्या सेविका, असे लोक. गिरणी किंवा कारखान्यातला कामगार निदान एका गेटमधून आत जातो. मोलकरणीचं गेट कुठलं? चार घरं, चार मालकिणी, हजेरीपत्रक एकही नाही. अशांची संघटना बांधणं सगळ्यात अवघड, आणि वकिलाला त्यातून पैसा सगळ्यात कमी. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनातही ते प्रा. एन. डी. पाटील यांच्याबरोबर पुढे होते, तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या आसपास होतं.

आता त्या दोन पुस्तकांकडे येतो, ज्यांमुळे आपण त्यांना ओळखतो. 'शिवाजी कोण होता?' हे १९८८ चं पुस्तक, मूळ एका भाषणातून झालेलं. छोटंसं, एका बैठकीत वाचून होणारं. अनेक भाषांत गेलं, लाखाच्या घरात खपलं. त्यात महाराज रयतेचे राजे म्हणून उभे राहतात. शेतकऱ्याच्या पिकाला हात लावू नका असा सैन्याला हुकूम देणारे, ज्यांच्या राज्यात मुसलमान सरदार आणि अधिकारी विश्वासाच्या जागांवर होते असे. पायदळाचा सरनोबत नूरखान बेग, आरमारातला दौलतखान, काझी हैदर, ही नावं इतिहासातली आहेत. आणि नगरकरांनी एक गोष्ट विसरू नये. मालोजीराजांनी आपल्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ती आपल्या शहरातल्या शाह शरीफ पीरांवरून, अशी परंपरा सांगते. तो दर्गा इथेच आहे. आपण उरुसाला जातो आणि परत येतो.

दुसरं पुस्तक 'मुस्लिमांचे लाड'. नाव ऐकून मी आधी दचकलो होतो. आपले लाड होतात हा आरोप आपण शाळेपासून ऐकलेला असतो. बहुतेक वेळा आपण चिडतो, नाहीतर गप्प बसतो. अण्णांनी आरोप समोर ठेवला आणि तो आकड्यांच्या आणि कायद्याच्या कसोटीवर तपासला. मला वाचताना सारखं वाटलं की हे कामगार वकिलाचं लेखी म्हणणं आहे. कोर्टात समोरच्याचा आरोप आला की वकील शिवी देत नाही, रडत नाही. परिच्छेद एक, नाकबूल, कारण हे. परिच्छेद दोन, पुरावा दाखवा. ही सवय कामगार कोर्टात लागते. ज्याने बडतर्फ कामगाराच्या बाजूने अशी शेकडो उत्तरं लिहिली असतील, त्याला एका बदनाम समाजाच्या बाजूने उत्तर लिहिणं वेगळं वाटलं नसावं.

आणि त्याची गरज काय होती, हे माझ्या पिढीला चांगलं ठाऊक आहे. २ जून २०१४ ला पुण्यात हडपसरला, शिवाजी महाराजांची विटंबना करणाऱ्या फेसबुक पोस्टवरून पेटलेल्या वातावरणात, सोलापूरच्या एका तरुण आयटी इंजिनिअरला जमावाने ठार मारलं. त्याचा त्या पोस्टशी संबंध नव्हता. तो माझ्याच व्यवसायातला, माझ्याच वयाच्या आसपासचा, नमाज पढून घरी निघालेला. त्या रात्री पुण्यातल्या कितीतरी फ्लॅटमध्ये आमच्यासारख्या मुलांच्या आयांचे फोन वाजत होते. पुढच्याच वर्षी १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी कोल्हापुरात अण्णांवर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. उमाताई वाचल्या, अण्णा २० फेब्रुवारीला मुंबईत गेले. त्याआधी २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर गेले होते, नंतर प्रा. कलबुर्गी आणि गौरी लंकेश.

इथे बसलेल्या काही जणांच्या मनात एक प्रश्न असेल, आणि तो माझ्या घरातही विचारला गेला. अम्मी म्हणाली, "अरे, तो माणूस तर देव मानत नव्हता. त्याच्याकडून आपण काय शिकायचं?" मी नमाज पढतो आणि अण्णांची सगळी मतं मला मान्य आहेत असं नाही. पण मजुराची मजुरी रखडवू नका, ही हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची शिकवण आपण जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकली आहे? त्या शिकवणीसाठी कोर्टाच्या पायऱ्या पन्नास वर्षं कोणी झिजवल्या, हे मी बघतो. अम्मीला मी एवढंच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग आपल्यातलं कोणी का नाही करत?"

तिचा तो प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवतोय.

सच्चर समितीचा २००६ चा अहवाल आहे. देशातल्या काम करणाऱ्या मुसलमानांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात, तर हिंदूंमध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्के. शहरात महिन्याचा नियमित पगार मिळवणाऱ्यांत आपण अनुसूचित जाती-जमातींच्याही मागे. आयएएसमध्ये मुसलमान ३ टक्के. आपण तो तीन टक्क्यांचा आकडा पाठ केला आहे. प्रत्येक सभेत तो सांगतो आणि मुलांना म्हणतो कलेक्टर व्हा. व्हायलाच पाहिजे. पण गॅरेजमध्ये, बेकरीत, वेल्डिंगच्या दुकानात, सेंटरिंगच्या कामावर, ट्रकवर, डिलिव्हरीच्या गाडीवर जो आपला भाऊ आहे, त्याच्यासाठी कोण उभं राहणार? त्याचा अपघात झाला तर भरपाईचा दावा कोण लावणार? त्याचे प्रश्न आपण 'मुस्लिम प्रश्न' म्हणून मांडतो. त्यातले बरेचसे कामगाराचे प्रश्न आहेत. नगरमध्ये विड्या वळणाऱ्या पद्मशाली बाईचा, पाथर्डीहून ऊसतोडीला जाणाऱ्या वंजारी जोडप्याचा आणि आपल्या बेकरीतल्या पोराचा वकील एकच असू शकतो. अण्णांच्या वकिलीची फाइल उघडली तर पक्षकाराची जात-धर्म विचारायचा रकाना तिथे सापडणार नाही.

आता थोडं कडू बोलतो. माफ करा. आपल्यातलेही मालक आहेत. गॅरेजवाले, हॉटेलवाले, ठेकेदार. आपल्या दुकानात काम करणाऱ्या पोराची हजेरी लिहिली जाते का? त्याला आठवड्याची सुट्टी आहे का? तेरा-चौदा वर्षांचं पोर 'काम शिकतंय' म्हणून ठेवलं आहे का? ते शिकतंय तर शाळेत कधी जातंय? सरकारकडे न्याय मागणाऱ्याने आधी आपला गल्ला उघडून बघावा. इथे बसलेल्या एका गॅरेजमालक भाईंनी मला परवा सांगितलं की त्यांनी यंदापासून चारही कारागिरांना पगाराची चिठ्ठी सुरू केली आहे. त्यांचं नाव घेऊ नको म्हणाले, घेत नाही. पण असं होऊ शकतं.

कायदाही बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. १९४७ चा कायदा, जो चाचांनी मला वाचून दाखवला, तोही आता संहितेत गेला. यात काही गोष्टी कामाच्या आहेत. कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं. किमान वेतन सगळ्या कामगारांपर्यंत नेलं. ॲपवर डिलिव्हरी करणाऱ्या आणि गाडी चालवणाऱ्या मुलांची पहिल्यांदाच कायद्यात व्याख्या झाली, आणि त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपनीने उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा द्यायचा आहे. पण दुसरी बाजूही आहे. पूर्वी शंभर कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागायची, आता ती मर्यादा तीनशे झाली. म्हणजे आपल्या एमआयडीसीतल्या कितीतरी छोट्या-मध्यम कारखान्यांत ती परवानगी लागणार नाही. मुदतीच्या नोकरीचा रस्ताही मोकळा झाला. हे वाचून लोकांना सांगणारा माणूस आज प्रत्येक मोहल्ल्यात लागणार आहे.

म्हणून करिअर मार्गदर्शन, ज्यासाठी मला बोलावलंय. तुमच्यात जे पदवीधर आहेत, त्यांना तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. सीईटी द्यावी लागते. इंजिनिअरनेही करता येतं. कॉलिन गोन्साल्विस आयआयटी मुंबईचे सिव्हिल इंजिनिअर, कामगार संघटनेत काम करता करता वकील झाले आणि कामगारांच्या केसेसपासून सुरुवात केली. सुधा भारद्वाज आयआयटी कानपूरच्या, छत्तीसगडच्या कामगारांत राहिल्या आणि पुढे वकील झाल्या. पैसा आयटीइतका नाही, हे खरं सांगतो. पण भुकेही मरत नाही. कारण कारखाने आहेत तोवर वाद आहेत, आणि मालकांच्या बाजूने वकिलांची रांग असते, कामगारांच्या बाजूने नसते.

ज्यांना वकील व्हायचं नाही, त्यांच्यासाठी तीन साध्या गोष्टी. पहिली, कागद जपा. नेमणूकपत्र, पगाराची चिठ्ठी, हजेरीचा फोटो, मुकादमाचा व्हॉट्सॲप मेसेज, बँकेची नोंद. दुसरी, कोणत्याही राजीनाम्यावर त्याच दिवशी सही करू नका. 'घरी विचारून उद्या सांगतो' एवढं म्हणायला कायदा यावा लागत नाही. मी एवढं म्हटलं असतं तरी खूप होतं. तिसरी, एकटे जाऊ नका. युनियनच्या नोंदणीसाठी किमान सात माणसं लागतात. सात माणसं आपल्याकडे कुठल्याही चहाच्या टपरीवर भेटतात.

आम्ही चार-पाच इंजिनिअर मित्र आणि वकील चाचा, दर रविवारी दुपारी जुहरनंतर वाचनालयात बसायचं ठरवलं आहे. कोणत्याही जातीधर्माच्या माणसाने यावं. पीएफचा नंबर चालू आहे का, मालकाने पैसे भरले का, हे आम्ही मोबाइलवर बघून देऊ. जिथे वकील लागेल तिथे चाचा बघतील. त्यांचं वय झालं आहे, आणि त्यांना मदतीला एक तरुण वकील हवा आहे. ते हे मला दर आठवड्याला सांगतात.

येत्या रविवारी या. येताना घरातल्या कामावर जाणाऱ्या प्रत्येकाचे कागद घेऊन या. अम्मी दुसऱ्याच्या घरी कामाला जात असेल तर तिलाही घेऊन या.